भिंतीवरून उतरलेलं चित्र

डहाणू तालुक्यातल्या वारली घरात लग्न निघालं, की आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. भिंत शेणामातीनं लिंपून, वर गेरूचा हात फिरवून तयार केलेली असते. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेलं पांढरं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर काम भागतं. चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असते आणि त्या गाण्यांच्या सोबतीनं चौकोनाच्या एकात एक बसवलेल्या पट्ट्या बारीक नक्षीनं भरत जातात. मधोमध पालघट देवी येते. ती आल्याखेरीज लग्न लागत नाही. पुढे केव्हातरी भिंत पुन्हा लिंपायची वेळ येते आणि चित्र त्या लिंपणाखाली जातं. ते जपून ठेवावं असं कुणाच्या मनात येत नाही, कारण त्याचं काम केव्हाच झालेलं असतं.

तीच त्रिकोणी अंगाची माणसं आता कपांवर, कुर्त्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर आणि हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर नाचताना दिसतात. आकार तसेच, पांढरा रंगही तसाच. फक्त तिथे देवीची कुणी वाट पाहत नसतं.

आजची कला चित्रपरंपरेशी काही नातं ठेवून आहे का, हा प्रश्न मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीपासून कोचीच्या बिएनालेपर्यंत सगळीकडे विचारला जातो. रंग आणि कॅनव्हास बाजूला ठेवून व्हिडिओ, सावल्या, माती, धागे, दुकानांची जुनी शटरं असं काहीही हाताशी घेणाऱ्या कलावंतांसमोर उभं राहिलं, की प्रेक्षकाच्या तोंडी तो हमखास येतो. त्यावर वादही होतो, पण हा वाद बहुतेकदा दिसण्यापाशीच अडकतो. मोर, कमळ, बिंदू, मंडल दिसलं की नातं आहे. लोखंडी पत्रा दिसला की नातं तुटलं. कपावरचा वारली नाच ही कसोटी खोटी ठरवायला पुरेसा आहे. विचारायला हवं ते वेगळंच. चित्र कशासाठी काढलं जातं, काढणाऱ्याकडून ते काय मागतं, आणि त्याच्यापुढे आलेल्या माणसानं काय करायचं असतं? नातं शोधायचं तर या तीन ठिकाणी.

वारली चौकाची पुढची गोष्ट इथे बारकाईनं पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी १९६० च्या दशकात, बिहारमधल्या दुष्काळाच्या काळात, हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेले आणि भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे हेच ते डहाणूच्या पाड्यांवर करू लागले. तिथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे पुरुष. चौक लिहिणं हे बायकांचं काम, तेही लग्नापुरतं. म्हसे मात्र लग्न असो नसो, रोज चित्र काढत होते. कागद आणि कापड हाती आल्यावर त्यांनी देवीच्या चौकटीबाहेरचं सगळं जग त्या तांदळाच्या रेघेत आणलं. मासे पकडायचं जाळं हा त्यांचा आवडता विषय. जाळ्याची वीणच अख्खं कापड व्यापून टाकते, रेघा इतक्या दाट आणि इतक्या हलत्या की पाण्याखालची ओढ जाणवावी. मासे आणि माणसं त्या विणीत कुठेकुठे सापडतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले.

म्हसे यांनी परंपरा मोडली का? नियमांच्या दृष्टीनं मोडलीच. काढणारा बदलला, निमित्त बदललं, जागा बदलली, चित्राखाली नाव आलं. देवीच्या जागी जाळं आलं. आणि तरी त्यांच्या कापडापुढे उभं राहिल्यावर हे चित्र चौकाच्याच घरातलं आहे याबद्दल शंका उरत नाही. याचं कारण आकारांत शोधून सापडायचं नाही. चौकातली प्रत्येक पट्टी भरताना हात एकच खूण शेकडो वेळा करतो आणि त्या पुनरावृत्तीतून भिंत जागी होते. म्हसे यांच्या जाळ्यात हीच पुनरावृत्ती आहे, तोच धीर आहे, आणि मुंगी, बैल, माणूस, झाड यांना एकाच मापानं मोजणारी नजरही तीच आहे. हाताची सवय आणि जगाकडे पाहण्याची रीत टिकली, निमित्त गेलं. कपावर नेमकं उलट झालं आहे. तिथे आकार टिकला आणि हात गेला.

२००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग यांनी १९६७ मध्ये एका कुरणातून पुन्हापुन्हा चालत गवतावर एक सरळ रेघ उमटवली होती आणि तिचं छायाचित्र हीच आपली कलाकृती मानली होती. पुढे ते दालनांच्या भिंतींवर तळहातानं चिखल लावू लागले. पाश्चात्त्य कलेतल्या अगदी नव्या टोकाचा माणूस चिखल, भिंत आणि हात इथवर येऊन पोचला होता, आणि डहाणूचा माणूस तिथूनच निघून कापडापर्यंत आला होता. दोघांची वाट उलट्या दिशांची, तरी त्यांची कामं शेजारी शेजारी लागली तेव्हा ती एकमेकांना परकी वाटली नाहीत.

या गोष्टीत एक बोचरी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. जी कला सवाशिणींची होती, ती बाजारात आली तेव्हा नावारूपाला बहुतांशी पुरुष आले. मिथिलेत सीता देवी, गंगा देवी, बउआ देवी अशी बायकांची नावं झाली, कारण कागद पहिल्यांदा त्यांच्या हाती गेला. डहाणूत तसं झालं नाही. परंपरा पुढे गेली असं म्हणताना ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, हेही बोललं पाहिजे.

आपल्याकडे चित्र ही एकटी गोष्ट कधीच नव्हती. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राची सुरुवात यासाठी आठवावी. वज्र राजाला मूर्ती घडवायला शिकायचं असतं. मार्कंडेय ऋषी त्याला सांगतात, की त्याआधी चित्र शिकावं लागेल. चित्र शिकायचं तर नृत्य कळायला हवं, नृत्यासाठी वाद्य हवं आणि वाद्यासाठी गाणं. मूर्ती शिकायला आलेल्या राजाला शेवटी गळ्यापर्यंत जावं लागतं. ही नुसती चमत्कारिक गुंफण नव्हे. रेघेत देहाची लय असते, लयीत ताल असतो आणि तालामागे स्वर असतो, अशी ती धारणा आहे. धवलेरीच्या गाण्यावर भरत जाणारा चौक या पुराणातून आलेला नाही, पण धारणा मात्र तीच पाळतो.

चित्र एकटं नसतं, हे अजिंठ्यात पायांनी कळतं. सतराव्या लेण्यातली विश्वंतर जातकाची कथा पुस्तकातल्यासारखी डावीकडून उजवीकडे वाचत जाता येत नाही. प्रसंग काळाच्या क्रमानं येण्याऐवजी ठिकाणांनुसार गटागटानं येतात. राजवाड्यात घडलेलं राजवाड्यापाशी, वनात घडलेलं वनापाशी. बघणाऱ्याला पुढे जावं लागतं, मागे यावं लागतं, खांबाआडून डोकावावं लागतं. त्यातून लेण्यात अंधार. दिव्याचा उजेड जिथे पडेल तेवढंच चित्र त्या क्षणी हाती लागणार. एका जागी उभं राहून सगळं एका नजरेत घ्यायचं, ही सोय तिथे नाहीच. चित्र तिथे वास्तूचा, चालण्याचा आणि उपासनेचा भाग होतं. भिंतीवर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग सुकलेल्या पृष्ठावर रंग. गेरू, पिवडी, काजळी, आणि काही लेण्यांत दूरवरून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा.

मग हे नातं तुटलं कधी? आजच्या कलेवर ठपका ठेवणाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा आहे, कारण खरी ताटातूट व्हिडिओ किंवा मांडणशिल्पं यायच्या शंभर-दीडशे वर्षं आधी झालेली आहे. अजिंठा १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडला. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढची बरीच वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते आणि चित्रांच्या प्रती करत होते. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ च्या आगीत लंडनमध्ये जळाल्या. रंग उजळून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं. १९२० नंतर निजामाच्या राज्यात आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी वर लाखेचा थर दिला. तो काळवंडत, पिवळा पडत गेला आणि पुढच्या पिढ्यांना खरवडून काढत बसावा लागला. मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम कष्टाचं होतं आणि त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण आपल्याच भूमीतल्या भिंतीशी त्यांची ओळख झाली ती परक्या गुरूच्या मार्गदर्शनाखाली, मोजपट्टीनं, प्रत काढण्याच्या निमित्तानं. परंपरा तेव्हा पाहण्याची, मोजण्याची आणि जपण्याची वस्तू झाली होती.

दुसरं वळण राजा रविवर्म्यांचं. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या देवघरांत पोचल्या. आज ज्या रूपाला घरोघर पारंपरिक म्हटलं जातं, त्यातल्या पुष्कळशा देवींना अंगाची गोलाई, सावली आणि साडीची चमक तैलरंगानं दिली, आणि तैलरंगाचं ते तंत्र युरोपातलं होतं. लोकांनी मात्र त्या छापील कागदाला हळदकुंकू वाहिलं, त्याच्यापुढे दिवा लावला. तंत्र परकं होतं, तरी चित्रापुढे येणाऱ्या माणसानं काय करायचं, हे ठरलेलं राहिलं. रविवर्म्यांनी परंपरा बुडवली असं पुढे बंगालमधल्या कलावंतांनी ठासून म्हटलं. देवघरातल्या बाईनं त्याला दिलेलं उत्तर कुणी लिहून ठेवलं नाही, पण ते कमी वजनाचं नाही.

गोव्याच्या आंजेलो द फोन्सेकांची गोष्ट तर या प्रश्नाच्या अगदी मर्मावर बोट ठेवते. १९०२ साली जन्मलेला हा ख्रिस्ती चित्रकार जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेला आणि अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकला. परत येऊन त्यानं मेरी काढली ती साडी नेसलेली, सावळी, इथल्या उन्हातली. पोर्तुगीज गोव्यातल्या धर्मसत्तेला ती सोसली नाही. फोन्सेकांना पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आसरा मिळाला आणि त्यांचं पुष्कळसं काम तिथेच झालं. त्यांना कोणत्या परंपरेचं म्हणायचं? त्यांची श्रद्धा रोमची, रेघ बंगालची, आणि त्या रेघेमागे अजिंठ्याच्या भिंती, कारण नंदलाल बोस आणि असित हालदार यांच्यासारखे बंगालचे तरुण चित्रकार इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर अजिंठ्याला जाऊन आले होते. आई-मुलाचं चित्र हे मात्र फोन्सेकांसाठी प्रार्थनेचंच साधन राहिलं. त्यांची चित्रं आता पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत आणि महाराष्ट्रात ती जितकी माहीत असायला हवीत तितकी नाहीत, ही खंत इथे नोंदवायला हवी.

वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रात तर ना देवी आहे ना माणूस. १९२४ साली नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे गायतोंडे जे. जे.मधून १९४८ साली बाहेर पडले. जे. जे.त तेव्हा भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा वर्ग होता. जगन्नाथ अहिवासी तिथे शिकवत आणि शंकर पळशीकरांसारखा गुरू गायतोंड्यांना मिळाला. तरुण गायतोंडे बसोली आणि जैन लघुचित्रं बारकाईनं पाहत होते. त्यांतल्या आकृती त्यांनी हळूहळू काढून टाकल्या आणि रंगांचं परस्परांशी असलेलं प्रमाण तेवढं ठेवलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. बसोलीच्या चित्रात तांबड्यापुढे पिवळा उभा राहिला की मधली राधा वगळूनही काहीतरी धगधगत राहतं. गायतोंड्यांनी ती धग उचलली. पाउल क्ले त्यांना प्रिय होता, झेनचं वाचन होतं, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईतले निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचा ठसा होता. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कलाही गेले. एका माणसात इतके प्रवाह. शुद्ध वारसा हवा असणाऱ्यांना गायतोंडे उपयोगाचे नाहीत.

त्यांचं काम करणं मात्र जवळून पाहावं. ते रंग रोलरनं आणि पॅलेट नाइफनं लावत. एक पातळ थर, तो खरवडायचा, त्यावर दुसरा, मग कागदाचे फाडलेले तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. त्यातून लिपीसारखी, पण वाचता न येणारी काही चिन्हं वर येतात किंवा खाली बुडतात. पिवळ्याच्या आत पिवळा, राखाडीच्या पोटात हिरवा. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं झाली तरी पुष्कळ. बाकीचा वेळ बसून राहण्यात, पाहण्यात जाई. अमूर्त हे विशेषण त्यांना मान्य नव्हतं.

कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी जुन्या शिल्पशास्त्राबद्दल लिहिताना एका गोष्टीवर भर दिला होता. शिल्पी आधी ध्यानात देवतेचं रूप पाहतो, ते पूर्ण स्थिर झालं की मगच हात उचलतो. त्या शिल्प्याला रूप दिलेलं असे, ध्यानश्लोकात हात किती, आयुधं कोणती, सगळं ठरलेलं. गायतोंड्यांना असं काहीच दिलेलं नव्हतं. श्लोक गेला आणि ध्यान राहिलं. हा फरक लहान नाही, त्यात श्रद्धेचा अख्खा इतिहास बदलतो. पण कॅनव्हासपुढे बसण्याची शिस्त, घाई न करण्याचा आग्रह, आणि बघणाऱ्याकडूनही तसंच बसणं मागणारं चित्र, हे सगळं त्या जुन्या साधनेच्या इतकं जवळ आहे की त्याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. गायतोंड्यांच्या चित्रावरून नजर नुसती फिरवून पुढे जाणाऱ्याला तिथे फक्त एक रंगीत पृष्ठभाग दिसतो. थांबणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो हलू लागतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा जगाला ते उशिरा कळले असं म्हटलं गेलं. महाराष्ट्रालाही ते उशिराच कळले.

सय्यद हैदर रझांचा बिंदू त्या मानानं सांगायला सोपा आहे आणि म्हणूनच थोडा धोक्याचा. मध्य प्रदेशातल्या शाळेत मास्तरांनी चंचल मुलाला भिंतीवर एक बिंदू काढून त्यावर नजर लावायला सांगितली, ही आठवण रझा नेहमी सांगत. फ्रान्समध्ये तीस वर्षं घालवल्यावर, १९८० च्या आसपास तो बिंदू त्यांच्या कॅनव्हासवर परत आला. त्या पहिल्या काही वर्षांतली चित्रं, विशेषतः १९८१ चं 'माँ' आणि १९८३ चं 'सौराष्ट्र', अस्सल आहेत. राजस्थानी लघुचित्रांचा ताप त्यांच्या लाल-काळ्यात आहे. पुढे पुढे बिंदू ही खूणगाठ झाली, ओळखपत्रासारखी. १९६६ मध्ये अजित मुखर्जींचं तंत्रकलेवरचं पुस्तक आल्यावर यंत्र, बीज, कुंडलिनी यांची चित्रांत जी गर्दी उसळली, तिच्यातही हेच घडलं. साधकानं आतून भोगलेली आकृती बघताबघता सजावट झाली. चित्रकार प्रभाकर बरवे त्यातून निसटले. बनारसला विणकर सेवा केंद्रात काम करताना त्यांनाही तंत्राची ओढ लागली होती, पण पुढे त्यांनी किल्ली, घड्याळ, पान, कागदाची पुडी अशा रोजच्या वस्तूंना अवकाशात ठेवून पाहिलं आणि 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात त्या पाहण्याचा विचार मराठीत मांडला. त्यांच्या कामात यंत्र दिसत नाही, यंत्रातली एकाग्रता दिसते.

सीमेपलीकडे लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये हाच प्रश्न अगदी वेगळ्या बाजूनं सोडवला गेला. उस्तादांकडून शिकलेल्या बशीर अहमद यांनी तिथे १९८० च्या दशकात लघुचित्रणाचा रीतसर अभ्यासक्रम उभा केला. कागदाचे थर खळीनं चिकटवून, घोटून वसली करायची, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला बांधायचा, महिनोन्महिने जुन्या चित्रांच्या प्रती काढायच्या. शाझिया सिकंदर यांनी त्याच वसलीवर १९८९-९० मध्ये 'द स्क्रोल' काढलं. मोगली पद्धतीनं रंगवलेल्या घराच्या खोल्याखोल्यांतून आजची एक मुलगी फिरते आहे. पुढे त्यांनी लघुचित्रांना ॲनिमेशनमध्ये हलतं केलं. तंत्राची इतकी कडक दीक्षा झाल्यावरच त्यांना ते तंत्र सोडण्याचं स्वातंत्र्य मिळालं. मुंबईच्या कला महाविद्यालयांनी याचा विचार करावा. वसली घोटण्याइतकाच गेरूची भिंत लिंपण्याचाही अभ्यासक्रम होऊ शकतो, आणि तो शिकवायला डहाणूच्या बायका सोडून दुसरं कुणी शोधायची गरज नाही.

आता ज्या कामांवर परंपरा सोडल्याचा आरोप सर्वाधिक होतो, त्यांच्याकडे यावं. गुलाममोहम्मद शेख बडोद्याचे, चित्रकार आणि कलेच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. राजस्थानातल्या बस्सी गावचे सुतार लाकडाची कावड करतात. ती एक फिरतं देऊळ असते. एकावर एक घडी घातलेली रंगवलेली दारं, एकेक दार उघडत भाट यजमानाला कथा सांगत जातो आणि शेवटचं दार उघडलं की गाभारा येतो. शेखांनी हे रूप घेऊन माणसाला आत शिरता येईल एवढी कावड उभारली. तिच्या दारांवर कबीर आहे, नकाशे आहेत, दंगली पाहिलेली शहरं आहेत. तिथे भाट नाही. दारांमधून वाट काढत कथा जुळवायची ती बघणाऱ्यानं. सतराव्या लेण्यातल्या यात्रिकालाही हेच करावं लागत होतं. चौकटीत बसवलेल्या, एका जागी उभं राहून पाहायच्या कॅनव्हासपेक्षा ही कावड अजिंठ्याच्या जास्त जवळची आहे.

नलिनी मलानींचं काम असंच. पारदर्शक फिल्मच्या मोठ्या नळकांड्यांवर आतल्या बाजूनं, उलट क्रमानं चित्रं काढायची, म्हणजे आधी डोळ्याची बाहुली आणि मग चेहरा. मग ती नळकांडी फिरत राहतात, त्यांच्यामधून प्रकाश सोडलेला असतो, आणि दालनाच्या भिंतींवर सावल्या एकमेकींत मिसळत जातात, सोबत आवाज असतो. काचेवर उलटं चित्र काढायची ही पद्धत अठराव्या शतकापासून पश्चिम भारतातल्या वाड्यांना आणि देवळांना माहीत आहे. मार्कंडेयांनी वज्र राजाला सांगितलेली साखळी, चित्राला देहाची हालचाल लागते आणि हालचालीला स्वर लागतो, ती मलानींच्या दालनात पुन्हा जुळलेली दिसते. तिथे देव नाही. महाभारतातल्या, ग्रीक नाटकांतल्या, फाळणीत उद्ध्वस्त झालेल्या बायका आहेत. भक्तिभावाच्या जागी शोक आहे. पण शोकालाही आपल्या रसव्यवस्थेत स्थान आहे, तो परका पाहुणा नव्हे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो सहज उडवून लावता येत नाही. मातीचा गणपती घडतो, त्यात प्राण येतात, दीड दिवसांनी वा दहा दिवसांनी तो पाण्यात जातो. मांडणशिल्पही काही आठवड्यांनी उतरवलं जातं. दोन्ही क्षणभंगुर. तरी गणपती कुणाचा, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. मांडणशिल्प कुणाचं, याचं उत्तर गॅलरी, संग्राहक आणि समीक्षक यांच्यात फिरत राहतं. आजच्या कलेनं चालणं, अंधार, आवाज, पुनरावृत्ती, ध्यान हे सगळं परत मिळवलं असेल, पण ते चित्र ज्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही अशी माणसं तिनं अजून मिळवलेली नाहीत. चौकाला नवरा-नवरी लागतात, कावडीला यजमान लागतो. ही उणीव कलावंतांच्या प्रामाणिकपणाची नाही. समाज आणि कलावंत यांच्यात पूर्वी जे ठरलेलं होतं, ते आता ठरलेलं नाही, तिची मुळं तिथे आहेत.

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत हा बदल स्पष्ट दिसतो. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या सावलीबाहुल्याही आहेत. चित्रकथीच्या कागदी चित्रांचे संच पोथी म्हणून जपलेले असतात. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग समोर धरून कथेकरी गातो, बोलतो आणि चित्र बदलतो. जुने संच पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी गेले, अभ्यासकांनी त्यांची शैली ठरवली, त्यांतल्या टोकदार नाकांची आणि मोठ्या डोळ्यांची वाखाणणी झाली. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय करून ही कला गावातच दाखवायला सुरुवात केली आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काचेमागे लावलेलं चित्रकथीचं पान सुरेखच दिसतं, पण ते गाण्यातून उपटलेलं पान आहे. मुंबईच्या एखाद्या दालनात सावल्या आणि आवाज यांचा खेळ मांडणारा कलावंत आणि पिंगुळीत पोथी उलगडणारा कथेकरी एकाच मंचावर आले, दोघांना सारखं मानधन आणि सारखा वेळ मिळाला, तर या प्रश्नावरची चर्चा लेखांपेक्षा पुष्कळ पुढे जाईल. सांस्कृतिक खात्याकडे त्यासाठी पैसे आहेत, मुंबईत जागा आहेत, आणि पिंगुळीत गाणारे गळे अजून आहेत.